आधी चोपड्या, मग बायबलं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारी मुलगी शिवाजी विद्यापीठातून बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवीधर झाली आहे, नोकरी अजून कंत्राटी. तिच्या ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, चर्चमागची एक खोली ग्रंथालयासाठी मोकळी करून दिली आहे. खोलीत दोन लाकडी कपाटं, एकावर एक रचलेल्या तीन पत्र्याच्या ट्रंका, सहाशे-सातशे पुस्तकं आणि काही जुनी रजिस्टरं. कमिटीतले एक वडीलधारे म्हणतात, “विश्वास वाढवणारी तेवढी ठेव, बाकीची रद्दीत जाऊ दे.” तिला शिकवणारे सर म्हणायचे, “ग्रंथपालानं धर्म चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा.” तिचं म्हणणं असं, “सर, मी कुणाचं ऐकू? आणि ही पुस्तकं ड्युईनं, म्हणजे विषयाला आकडा देणाऱ्या दशांश पद्धतीनं, लावू का?”

सलाम. माझी एकतीस वर्षं कोल्हापुरात ग्रंथपालकीत गेली, आणि रविवारी मीही उपासनेला बसतो. म्हणून दोन्हीकडचं थोडं बोलतो. पण तू ज्या क्रमानं विचारलंस त्या क्रमानं नाही. ट्रंकांत काय आहे हे बघितल्याशिवाय काय ठेवायचं आणि कसं लावायचं हे ठरवणं म्हणजे पाहुणे किती हे न बघता रस्सा उकळायला टाकणं.

अशा खोलीत पहिल्या दिवशी काय होतं ते मी तीन-चार ठिकाणी पाहिलंय. कुणीतरी चामडी बांधणीचं जाडजूड बायबल वर काढतं, सगळे भोवती जमतात, फोटो निघतो, बायबल काचेच्या कपाटात जातं. खाली उरलेल्या चोपड्या, पत्रकं, सुटे कागद पोत्यात भरले जातात. हे अगदी उलटं आहे. छापील बायबलाच्या त्या आवृत्तीच्या प्रती पुण्या-मुंबईत, बंगळुरात, परदेशात कुठे ना कुठे असणारच. जी दुसरीकडे कुठेच नसेल ती सोळा पानांची चोपडी. शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाची) पत्रकं, मिशनचे वार्षिक अहवाल, ‘ज्ञानोदया’चे सुटे अंक, नाताळच्या कार्यक्रमपत्रिका, आणि एखाद्या आजीनं पेन्सिलीनं चाल लिहून ठेवलेलं भजनांचं पुस्तक. फुकट वाटलेली वस्तू कुणी जपत नाही, म्हणून तीच आधी नाहीशी होते. बायबल जपायला जग बसलंय, ती चोपडी जपायला तू एकटी आहेस.

आणि ती जपायची कशाला, असं कमिटीत कुणी विचारलंच, तर कोल्हापूरचंच उदाहरण दे. आपल्या गावात वाचनालय आलं १८५० साली, तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथं पोचले १८५२ मध्ये. म्हणजे छापील पुस्तक एकत्र बसून वाचायची सवय आणि मिशनचं काम, दोन्ही गावात जवळजवळ एकदमच रुजली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे १८८६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरचा पोरगा होता. त्या चळवळीवर काम करणारा अभ्यासक उद्या तुझ्या दारात येऊन विचारणार, तुमच्याकडे काय आहे? त्याला काचेतलं बायबल दाखवून भागणार नाही.

मंडळीबाहेरच्या माणसालाही या कागदांची गरज असते, हे आपल्याच लोकांना पटवावं लागतं. मुक्ता साळवे या सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये छापला कुणी? ‘ज्ञानोदया’नं, १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशननं सुरू केलेल्या नियतकालिकानं. त्या वर्षीचे अंक कुणीतरी ‘आपल्या कामाचे नाहीत’ म्हणून रद्दीत घातले असते तर? शाहू महाराजांच्या या गावात सत्यशोधकी इतिहास शोधणारे काही कमी नाहीत. त्यातल्या निम्म्यांना आज ना उद्या ख्रिस्ती छापखान्यांच्या कागदांपाशी यावंच लागतं.

म्हणून पहिलं काम वर्गीकरण नाही. दाखलनोंदवही आण. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक दे, आणि चोपडी चार पानांची असली तरी तिला तिचा स्वतंत्र क्रमांक. कुठल्या ट्रंकेत, कितव्या थरात, कशाच्या शेजारी सापडली हे शेऱ्याच्या रकान्यात लिही. हे मी चूक करून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका निवृत्त शिक्षकाचा संग्रह देणगी म्हणून आला. मी उत्साहानं सगळी पुस्तकं आकारानुसार लावून टाकली, फार देखणी दिसली. सहा महिन्यांनी कळलं की त्यांनी एकेका वर्षीचं टिपण त्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीत ठेवलं होतं. टिपणं राहिली, ती कुठल्या वाचनाची हे कायमचं गेलं.

नोंद पेन्सिलीनं. शिक्का मुखपृष्ठाच्या मागे, मजकुरावर कधीच नाही. सेलोटेप खोलीत आणूसुद्धा नको. मी एका भजनसंग्रहाची फाटलेली पानं टेपनं जोडली होती. दहा वर्षांनी टेप सुटून पडली, तिचा तपकिरी डाग कागदात राहिला आणि त्या डागाखालच्या दोन ओळी आज वाचता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा कागद बहुतेक लाकडाच्या लगद्याचा असतो. तो स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून तुकडे होतो. अशा पुस्तकाला बांधणीला देण्याची घाई करू नकोस. आपले बायंडर हात बसलेले असतात, पण त्यांच्या दोन सवयी घातक. खळीत मोरचूद घालतात, त्यानं किडा लागत नाही हे खरं, पण तांबं कागदाला आतून जाळतं. दुसरी सवय म्हणजे कडा कापून चौकोन नीट करणं. जुन्या पाळकांनी उपदेशाची टिपणं समासातच लिहिलेली असतात, एका कापात ती सगळी खाली पडतात. साध्या जाड कोऱ्या कागदात पुस्तक गुंडाळ, सुती नाडीनं बांध, नाडीत चिठ्ठी अडकव. दिसायला गरीब, पण पुस्तक जगतं.

पंचगंगेची आठवण मी तुला करून द्यायला नको. २०१९ आणि २०२१ ही दोन वर्षं आपण पाहिली आहेत. खोली पुराच्या पाण्याबाहेर असली तरी तळाचा कप्पा जमिनीपासून चांगला फूट-दीड फूट वर घे आणि कपाट भिंतीला टेकवू नकोस, पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नये. पानं वाकतात, एकमेकांना चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मध्ये टीपकागद घालून सुकवायचं. छापील वर्तमानपत्र मध्ये घालू नकोस, त्याची शाई उतरते.

रजिस्टरं मात्र ग्रंथालयाची नाहीतच. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सभासदांची यादी हे दप्तर आहे. त्याला वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, लावायचा नसतो. ते ज्या क्रमानं तयार झालं त्याच क्रमानं ठेवायचं, वेगळ्या कुलुपात, आणि किल्ली पाळकांकडे. इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे पुस्तकात शिकवत नाहीत. बाप्तिस्म्याचं रजिस्टर मागायला येणारा प्रत्येकजण वंशावळ शोधत नसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे कुणाच्या आजोबांचा बाप्तिस्मा कधी झाला हे शोधून नातवाच्या जातीच्या दाखल्यावर हरकत घ्यायला माणसं येऊ शकतात. निवडणुकीच्या आधी तर जरा जास्तच सावध राहा. स्वतःची किंवा स्वतःच्या आईवडिलांची नोंद हवी असेल तर पाळकांच्या सहीनं उतारा द्या. दुसऱ्याची नोंद चाळायला देऊ नका. अभ्यासकाला शंभरएक वर्षांपूर्वीची पानं दाखवायची की नाही, हे कमिटीनं लेखी ठरवावं आणि सगळ्यांना एकच नियम लावावा. शोधाची वाट मोकळी ठेवणं हा आपला धर्म, हे मला मान्य आहे. पण जिवंत माणसाच्या पोटावर येणारी वाट बंद ठेवणं हाही त्याच धर्माचा भाग आहे.

आता ड्युई. तुला गंमत वाटेल, दशांश वर्गीकरणाची कल्पना मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाला चर्चमध्ये सुचली. ॲमहर्स्ट कॉलेजचे अध्यक्ष लांबलचक प्रवचन देत होते, ड्युई त्यांच्याकडे टक लावून बघत होता पण ऐकत एक शब्द नव्हता, आणि अचानक उत्तर सापडून तो जागच्या जागी उडाला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. (आपल्याकडच्या प्रवचनात कुणाला काय काय सुचत असेल, देव जाणे.) १८७६ मध्ये पद्धत छापून आली. धर्माला २०० चा वर्ग मिळाला आणि त्यातले २२० ते २८० हे आकडे बायबल, ख्रिस्ती सिद्धांत, उपासना, मंडळीचा इतिहास, पंथ यांनी व्यापले. उरलेल्या जगाला २९०. हिंदू धर्माचं सगळं, वेदांपासून वारकऱ्यांपर्यंत, २९४.५ मध्ये दाटीवाटीनं.

सार्वजनिक ग्रंथालयात या रचनेनं आम्हाला छळलं. तुकोबांवरच्या दोनशे पुस्तकांना लांबच लांब आकडे, आणि कधीतरी एखादाच वाचक येणाऱ्या २३० ला, म्हणजे ख्रिस्ती सिद्धांताला, ऐसपैस जागा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी आपल्या कोलन वर्गीकरणात हे उलटवलं. धर्माच्या मुख्य वर्गात वैदिक पहिलं, मग हिंदू, जैन, बौद्ध, यहुदी, सहाव्या जागी ख्रिस्ती, सातव्या जागी इस्लाम. रंगनाथन गणित शिकले मद्रास ख्रिश्चन कॉलेजात, एडवर्ड रॉस या प्राध्यापकांना ते गुरू मानत. पण घर मांडताना त्यांनीही आपलं घर आधी मांडलं. मी याला दोष म्हणत नाही. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी उंबऱ्यावर उभी राहून जगाकडे बघते, आपण फक्त तो उंबरा ओळखून असावं. युनिव्हर्सल दशांश पद्धतीनं २००० साली धर्माचा वर्ग सगळाच मोडून नव्यानं बांधला, धर्म साधारण कालक्रमानं लावले.

तुझ्या खोलीपुरता माझा सल्ला, ड्युईच वापर. त्याचा जो दोष जगाला नडतो तोच तुला सोयीचा आहे, तुझा सगळा संग्रह त्या प्रशस्त भागातच बसतो. मराठी बायबल २२०.५९१४६, भारतातली ख्रिस्ती मंडळी २७५.४, मिशनकार्य २६६, प्रेस्बिटेरियन पंथ २८५. सातशे पुस्तकांना दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांवर जाऊ नकोस, बायबलाच्या भाषांतरांचा तेवढा अपवाद. संगणकावर घ्यायचं असेल तर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, देवनागरी नीट चालते, आणि हा न्यूझीलंडमधला माओरी शब्द आहे, त्याचा अर्थ भेटवस्तू. पण एका संगणकावर, विजेच्या भरवशावर बसलेल्या खोलीत कोहा बसवण्याआधी वही पूर्ण कर. वही हँग होत नाही.

एका गोष्टीत मात्र ड्युई तुला वाचवणार नाही, आणि तिथं मी अनेक ग्रंथपाल घसरताना पाहिले. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ कुठे ठेवशील? १८५७ ची ही मराठीतली आरंभीची कादंबरी, विधवांच्या हालांवरची. एका ग्रंथालयात मला ती २४८ मध्ये, ख्रिस्ती भक्तिजीवनात सापडली. कारण विचारलं तर म्हणाले, “लेखक ख्रिस्ती झालेला ना.” तेच लोक लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बिनदिक्कत साहित्यात ठेवतात, कारण ती अभ्यासक्रमाला असतात. लेखकाचा बाप्तिस्मा हा पुस्तकाचा विषय नव्हे. ‘यमुनापर्यटन’ ८९१.४६३ मध्ये, मराठी कादंबऱ्यांत, हरिभाऊ आपट्यांच्या रांगेत. तुझ्या ग्रंथालयातही तसंच कर, नाहीतर आपली मुलं समजतील की ख्रिस्ती माणसानं मराठीत फक्त प्रार्थनाच लिहिल्या.

‘ख्रिस्तपुराण’ याच्या उलट. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट गोव्याला आला, मराठी शिकला, आणि येशूचं चरित्र ओवीत लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघालं, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितं घरोघर जपली गेली म्हणून १९०७ मध्ये मंगळुराहून ते पुन्हा छापता आलं. हे धर्मात ठेवायचं की मराठी काव्यात? मी काव्यात ठेवत आलो आणि धर्माच्या रांगेत त्याच्या नावाची लाकडी फळी उभी केली, ‘पाहा ८९१.४६१’. काही सहकाऱ्यांना ते पटत नसे. वाद घालायला हा चांगला विषय आहे. पण फळी कुठल्याही बाजूनं लावायलाच हवी.

नावांचंही तसंच. आमच्याकडे एकानं टिळकांचे अभंग मागितले, शिपायानं ‘गीतारहस्य’ आणून दिलं. नारायण वामन आणि बाळ गंगाधर हे दोघे तुझ्या सूचीत शेजारी येणार, पूर्ण नावं लिही. वाइल्डरही दोन आहेत, आर. जी. हे वडील आणि आर. पी. हा मुलगा. नुसतं ‘रेव्ह. वाइल्डर’ लिहिलंस तर अभ्यासक तुला शिव्या घालेल. पंडिता रमाबाईंचं बायबल आणि बायबल सोसायटीचं बायबल एकाच नोंदीत कोंबू नकोस. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून वेगळं, साध्या बायकांना कळेल असं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते संपूर्ण छापून बाहेर पडलं. शीर्षकपानावर जे आहे ते जसंच्या तसं उतरव, शुद्धलेखन जुनं असेल तर जुनंच. एखाद्या पानावर मोडी दिसली तर ‘मोडी’ एवढं लिहून पुढे जा, वाचणारा माणूस मिळतो. छापलेली चोपडी शं. ग. दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीशी ताडून बघ. १८०० ते १९३७ चा काळ तिथं आहे. त्यात न सापडणारी चोपडी तुझ्या ट्रंकेत निघाली तर त्या दिवशी चहा माझ्याकडून.

आता तुझे सर आणि ते वडीलधारे.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. श्रद्धा नोंदीत शिरता कामा नये. कुठलं पुस्तक खरं, कुठलं खोटं हे सूचीपत्र सांगत नाही. पण धर्म चपलांबरोबर बाहेर ठेवायचा हे मला कधी जमलं नाही, आणि या कामाचा इतिहासही तसा नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमात उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला एकेक पोथी द्यायची आणि त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची असं लिहिलंय. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक यानं त्यावर कडी केली. पोथ्या गालिच्यावर मांडायच्या, गेल्या वर्षी कुणी कुठली नेली त्याची यादी मोठ्यानं वाचायची, आणि ज्यानं न वाचताच परत आणली त्यानं जमिनीवर पालथं पडून माफी मागायची. मी हे एकदा वाचकांच्या सभेत सांगितलं तेव्हा दोघं-तिघं उठून बाहेर गेले. विनोद सोड, पण देवघेवीची नोंद, वार्षिक तपासणी, परतीची जबाबदारी हे आपल्या रोजच्या कामातलं बरंच काही त्या मठांत आधी झालेलं आहे. त्या लोकांना नोंद ठेवणं आणि प्रार्थना करणं ही दोन कामं वाटत नव्हती. मलाही फारशी वेगळी वाटत नाहीत. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा दाखलनोंदवहीला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशाला क्वचितच.

नुसत्या श्रद्धेनं माणूस चांगला ग्रंथपाल होत नाही हेही त्याच इतिहासात आहे. ड्युई धार्मिक घरातला, सुधारणावादी, आणि त्याच्या क्लबात यहुदी लोकांना प्रवेश नव्हता. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. त्याचे आकडे आपण अजून वापरतो. मला यात विसंगती वाटत नाही, पण दर वेळी ते नाव उच्चारताना थोडं अडखळायला होतं.

वडीलधाऱ्यांशी भांडू नकोस. त्यांची भीती खोटी नाही. जुन्या चोपड्यांत इतर धर्मांवर जहाल टीका असते, रोमन कॅथलिकांवरही असते, आणि आजच्या दिवसांत एखादं पान मोबाइलवर फिरलं तर मंडळीच्या दारात गर्दी जमू शकते. त्यावर रद्दी हा उपाय नाही. खोलीचे दोन भाग कर. एका कपाटात घरी न्यायची पुस्तकं, आणि ती कुठली ठेवायची हे बेलाशक कमिटीनं ठरवावं, तो त्यांचा हक्क. दुसरं कपाट जतनाचं. त्यातलं काही बाहेर जात नाही, फोटो काढायचा तर लेखी अर्ज, वाचायचं तर टेबलावर तुझ्यासमोर. पण दोन्ही कपाटांची सूची एकच, आणि ती पूर्ण. ठेवलंय पण सूचीत नाही, असं एकही पुस्तक नको. लपवलेल्या पुस्तकाबद्दलच अफवा उठते. आणि त्यांना सांग, कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. महाराष्ट्राचा आला १९६७ मध्ये. अशा गावच्या चर्चमधून पुस्तकं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर निघाली तर बरं दिसणार नाही. या मुद्द्यानं माझं काम दोनदा झालंय. गावाचा अभिमान हे कोल्हापुरात धर्मशास्त्रापेक्षा जास्त चालणारं नाणं आहे.

शनिवारी सकाळी सुरुवात कर. बरोबर एक सोबतीण, दोन मास्क, रंगकामाचा मऊ ब्रश, टूबी पेन्सिली, कोऱ्या कागदांचा रीम आणि जाड पुठ्ठ्याची रेघी वही. वरची ट्रंक उघडायचा मोह होईल, पण ती उचलून बाजूला ठेव आणि सगळ्यात खालची आधी उघड. ओल खालूनच चढते. कसर पत्र्याच्या सांध्यांत दडलेली असते, तेव्हा ट्रंक खोलीत नको, व्हरांड्यात उघड.